कॅनडाच्या शिबिराला सहा लाख भरू का?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते. लहानपणापासून इनलाइन (एका रांगेतल्या चाकांचं) स्केटिंग करते आणि दोन वर्षांपासून शाळेच्या इनलाइन हॉकी संघात आहे. मोबाइलवर अमेरिका-कॅनडातल्या मुलींच्या आइस हॉकी लीगचे सामने बघते आणि मला हेच करायचं म्हणते. बर्फावर मात्र ती अजून एकदाही उतरलेली नाही. ओळखीतल्या एका मार्गदर्शकांनी उन्हाळ्यात कॅनडातल्या सात दिवसांच्या शिबिराला पाठवा, तिथे निवड करणारे येतात, असं सांगितलं. खर्च सहा लाख. मिस्टर रेल्वेत आहेत, पीएफमधून काढावे लागतील. सासूबाई म्हणतात, इथे पंचेचाळीस डिग्री ऊन आणि पोरगी बर्फावर खेळायला निघाली! यात खरंच करिअर आहे का? पैसे भरू का? – एक आई, भुसावळ

ताई, पीएफला हात लावू नका. शिबिर वाईटच असेल असं नाही, पण तुमच्या लेकीला आज त्याचा उपयोग नाही. सात दिवसांत बर्फावरचे तास फार तर पंधरा-वीस मिळतात. जी मुलगी पहिल्यांदाच बर्फावर उभी राहणार, तिचे त्यातले निम्मे तास पडण्यात, उठण्यात आणि थांबायला शिकण्यात जातील. तेवढं शिकायला कॅनडा लागत नाही, गुरुग्रामच्या रिंकवर (कृत्रिम बर्फाच्या मैदानावर) होतं. ‘निवड करणारे येतात’ या वाक्यालाही भुलू नका. तिकडच्या विद्यापीठांचे प्रशिक्षक मुलींना पूर्ण हंगाम सामन्यांत खेळताना बघतात, आणि त्या मुली पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून बर्फावर असतात. आठवडाभराच्या शिबिरात नवशिक्या मुलीची निवड होत नाही. तरीही त्या मार्गदर्शकांना लेखी विचारा : बर्फावर नक्की किती तास, एका प्रशिक्षकामागे किती मुली, गट वयाने पाडतात की कौशल्याने, विमा कोणाचा, आणि व्हिसा नाकारला तर किती पैसे परत. लेखी उत्तर द्यायला कोणी टाळाटाळ केली, तर विषय तिथेच संपवा.

आता करिअरचं. आहे, पण ते फार नवं आहे आणि त्याचं दार अरुंद आहे. मुलगी बघते ती लीग बहुधा पीडब्ल्यूएचएल, म्हणजे प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग. तिचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ ला झाला. सुरुवातीला बोस्टन, मिनेसोटा, मॉन्ट्रियल, न्यूयॉर्क, ओटावा आणि टोरांटो असे सहा संघ होते, नंतर सिएटल आणि व्हँकुव्हर आले. पहिली दोन्ही विजेतेपदं मिनेसोटाने घेतली. खेळाडूंच्या संघटनेचा लीगशी २०३१ पर्यंतचा करार आहे. त्यात पहिल्या हंगामासाठी किमान पगार वर्षाला ३५,००० डॉलर ठरला, प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८०,००० किंवा जास्त, दरवर्षी ३ टक्के वाढ आणि राहण्यासाठी महिना १,५०० डॉलर. पस्तीस हजार डॉलर म्हणजे तीस लाखांच्या आसपास. भुसावळला हा आकडा मोठा वाटतो, पण बोस्टन-न्यूयॉर्कमध्ये त्यात एकट्या माणसाचं जेमतेम भागतं. एका संघात २३ जणी, म्हणजे आठ संघ धरले तरी अख्ख्या लीगमध्ये दोनशेच्या आत जागा. आणि त्यांच्यासाठी रांगेत अमेरिका, कॅनडा, फिनलंड, स्वीडन, चेकिया इथल्या राष्ट्रीय संघांतल्या मुली असतात.

याआधीच्या लीगचं काय झालं, तेही मुलीला सांगा. कॅनडात २००७ ला सुरू झालेली लीग बरीच वर्षं खेळाडूंना पगारच देत नव्हती आणि २०१९ मध्ये बंद पडली. अमेरिकेतली दुसरी लीग २०२३ मध्ये विकत घेऊन बंद केली गेली आणि तिथल्या मुलींचे झालेले करार रद्द झाले. म्हणून या खेळातल्या मोठमोठ्या खेळाडूंनीही शिक्षण सोडलेलं दिसत नाही. चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेली हेली विकेनहायझर पुढे डॉक्टर झाली. २०१०, २०१४ आणि २०२२ अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत निर्णायक गोल करणारी मारी-फिलिप पुलँ बोस्टन विद्यापीठातून खेळली. लीगमधल्या बहुतेक मुली चार वर्षं विद्यापीठातून खेळूनच वर येतात. त्यामुळे त्या वाटेवर पहिली अट शाळेची आहे. अमेरिकन विद्यापीठ खेळात प्रवेश देताना नववीपासून बारावीपर्यंतचे १६ मुख्य विषय मोजले जातात. तुमची लेक आत्ता नववीत आहे, म्हणजे याच वर्षाच्या गुणपत्रिकेपासून तो हिशेब सुरू झाला आहे. गणित, विज्ञान आणि इंग्रजी ढिलं पडू देऊ नका. दुसरी गोष्ट, पगारी लीगशी किंवा एजंटशी कुठलाही करार करू नका. विद्यापीठातली पात्रता त्याने धोक्यात येऊ शकते.

आपल्या देशातली शिडी वेगळी आहे आणि ती तुमच्या जास्त हाताशी आहे. आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. मुलींचा संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक आणलं. सासूबाईंना हे जरूर सांगा. अल ऐन हे वाळवंटातलं शहर आहे, उन्हात भुसावळला हार जाणारं नाही. थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स हे आपले प्रतिस्पर्धीही उष्ण देशच, तिथल्या मुली बंदिस्त रिंकवर शिकतात. अडचण उन्हाची नाही, बर्फावर तास मिळण्याची आहे.

आपल्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या आणि काही हिमाचलमधल्या स्पितीच्या. गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या या मुलींशी तुमच्या लेकीची संघातल्या जागेसाठी स्पर्धा असेल. संघात निवड म्हणजे नोकरी नव्हे, हेही लक्षात ठेवा. पोटापाण्याचा खरा आधार निमलष्करी दलांचा आहे. इंडो-तिबेट सीमा पोलिसांचा महिलांचा आइस हॉकी संघ आहे. क्रीडा कोट्यातून भरतीची जाहिरात निघते, तेव्हा त्या वर्षी कोणते खेळ आणि कोणत्या दर्जाच्या स्पर्धेतला सहभाग धरला आहे, ते नीट वाचायचं. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी झाल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. खान्देशातले तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, त्यामुळे हे काम आधी जळगावचं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि मग नाशिक असं चालतं.

इथेच पालक हमखास फसतात. इनलाइन आणि रोलर हॉकी ही रोलर स्केटिंग फेडरेशनची. फिगर आणि स्पीड स्केटिंग बर्फावरचं असलं, तरी ते आइस स्केटिंग असोसिएशनचं. आइस हॉकी तिसऱ्याच संघटनेची. इनलाइन हॉकीतलं राज्य पातळीचं पदक आइस हॉकीच्या निवडीत चालत नाही, आणि ‘राष्ट्रीय’ असं छापलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राला सरकारदरबारी किंमत असतेच असं नाही. कुठल्याही निवड चाचणीची फी भरण्याआधी, ही चाचणी कोणत्या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेने आहे, त्याचं पत्र मागा आणि त्या संघटनेला ईमेल करून खातरजमा करा.

आता खेळाकडे वळू. इनलाइन येत असल्याचा फायदा मोठा आहे, फक्त ते हॉकीचं इनलाइन हवं. स्पीडच्या शंभर-एकशेदहा मिलिमीटर चाकांवर सवय झालेली मुलगी लांब, सरळ ढकलते. हॉकीची ७६ ते ८० मिलिमीटरची चाकं असतील तर वळणं आणि चटकन निघणं तिच्या अंगात आधीच असतं. आपल्याकडच्या डांबरावर आणि सिमेंटवर मऊ चाकं महिन्या-दोन महिन्यांत झिजतात, बाहेर खेळायला ८२ ते ८५ए कडकपणाची घ्या. बेअरिंगमध्ये धूळ बसली की एक चाक जड फिरतं आणि मुलगी नकळत त्या बाजूला कमी वजन टाकते. आठवड्याला चाकं काढून हाताने फिरवून बघा.

बर्फावर गेल्यावर दोन गोष्टी नडतात. पहिली थांबण्याची. चाकांवर आडवं घसरता येत नाही, अडखळून पडायला होतं, त्यामुळे इनलाइनवाल्या मुली एक पाय मागे आडवा ओढत थांबतात. बर्फावर दोन्ही पाती एकदम आडवी वळवून बर्फ खरवडत थांबायचं असतं. वळताना क्षणभर अंग वर उचलून वजन हलकं करायचं आणि आडवं झाल्यावर गुडघे मोडून दाबायचं. गुडघा ताठ राहिला की पातं एकदम रुततं आणि मुलगी पुढे फेकली जाते. हे डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी सारखंच यायला हवं. एकाच बाजूने थांबणारी खेळाडू सामन्यात लगेच ओळखू येते. दुसरी गोष्ट वजनाची. टाचेवर वजन ठेवून उभं राहायची सवय चाकांवर चालून जाते, बर्फावर तीच पाठीवर आपटते. पाती वाकलेली असतात, त्यामुळे त्यांचा थोडाच भाग बर्फाला टेकतो. वजन तळव्याच्या मध्यावर आणि गुडघा बुटाच्या टोकाच्या पुढे, असं हवं.

यातलं बरंच घरी करता येतं. सुताराकडून स्लाइड बोर्ड, म्हणजे पाय बाजूला घसरवण्याच्या सरावाची गुळगुळीत फळी, करून घ्या. आठ बाय चार फुटांचा गुळगुळीत, चकचकीत सनमायका आणि तेवढाच १२ मिलिमीटरचा प्लाय घ्या, दोन्ही मधोमध लांबीत कापले की आठ बाय दोनचे दोन तुकडे मिळतात. एकाचा स्लाइड बोर्ड, दुसऱ्यावर पक (आइस हॉकीतली चेंडूऐवजीची चपटी रबरी चकती) मारायचा सराव. सनमायका फेव्हिकॉलने चिकटवताना मध्ये हवेचा फुगा राहू देऊ नका, पाय तिथे अडतो आणि आठवड्यात सनमायका तडकतो. कडा कानसने घासून घ्या. दोन्ही टोकांना आडव्या लाकडी पट्ट्या ठोका, त्यांचा आतला चेहरा सरळ उभा न ठेवता बाहेरच्या बाजूला थोडा कलता ठेवा आणि त्यावर रबर लावा. चेहरा उभा ठेवला तर घोट्याचं हाड रोज त्यावर आपटतं. पट्ट्यांमधलं अंतर आधी साडेपाच-सहा फूट, पाय बसला की सात. बुटांवर नायलॉनचे मोजे चढवायचे आणि एका टोकावरून दुसऱ्या टोकाला बाजूने ढकलत जायचं. तीस सेकंद काम, नव्वद सेकंद आराम, असं सहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. डोळे समोर, छाती वर, गुडघे खुर्चीवर बसल्यासारखे. दमल्यावर मुलगी उभी राहायला लागते, तिथे थांबवा. ताठ गुडघ्यांनी केलेली पुढची दहा मिनिटं चुकीची सवयच पक्की करतात. सामन्यात खेळाडू एका वेळी साधारण चाळीस-पन्नास सेकंदच बर्फावर असते, मग बदली खेळाडू उतरते, त्यामुळे तासभर धावण्यापेक्षा हे जास्त कामाचं. सराव पहाटे सहाच्या आत-बाहेर, एप्रिल-मेमध्ये नऊनंतर अजिबात नको.

आइस स्केट घेताना नेहमीच्या बुटाचं माप सांगू नका. आइस हॉकीचा बूट साधारण एक ते दीड माप लहान लागतो. घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, गुडघे मोडल्यावर किंचित मागे सरली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं माप घेण्याची आपली सवय इथे महागात पडते. मोठ्या बुटात घोटा आत मोडतो आणि मग घरातले म्हणतात, पोरीचे पायच कमजोर आहेत. बहुतेक वेळा बूट मोठा असतो. लेस मधल्या भागात घट्ट आणि अगदी वरच्या छिद्रांना जरा सैल, म्हणजे गुडघा पुढे जातो. सुरुवातीला रिंकवरचे भाड्याचे स्केट चालतील. स्वतःचे घ्यायचे तर बर्फावर वीसेक तास झाल्यावर घ्या.

पात्याला धार लावायला गावातल्या चाकू-कात्रीवाल्याकडे किंवा लेथवाल्याकडे चुकूनही देऊ नका. चाकूला एकच धार असते. स्केटच्या जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या पात्याला मधोमध लांबट खोबण असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा. एका बाजूने घासलं की एक धार उंच, एक खाली, आणि मुलगी एकाच बाजूला घसरत राहते. कारण कुणालाच कळत नाही. धार रिंकवरच्या मशीनवरच करून घ्यायची. नेहमीच्या खोबणीला अर्ध्या इंचाची म्हणतात (हा आकडा तिच्या गोलाईच्या त्रिज्येचा), हलक्या अंगाच्या मुलीला किंचित खोल खोबण जास्त पकड देते. धार तपासायची तर नखाची वरची बाजू पात्याच्या कडेवर आडवी हलकेच ओढा. दोन्ही कडांनी नखावरून बारीक भुकटी निघाली पाहिजे. बर्फावरून उतरल्या उतरल्या पातं कोरडं पुसून कापडी कव्हर घाला. प्लास्टिकचं कडक कव्हर चालण्यापुरतंच, त्यात पाणी साचून गंज चढतो.

स्टिकची लांबी स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत, अनवाणी असताना नाकापर्यंत. लवचिकतेचा आकडा साधारण मुलीच्या किलोतल्या वजनाइतका घ्या, पंचेचाळीस किलोला पन्नासची स्टिक बरोबर. मोठी स्टिक घेऊन कापली की ती आणखी कडक होते आणि पक उचलला जात नाही. खरा पक १५६ ते १७० ग्रॅमचा, इनलाइनचा त्याहून हलका. घरच्या सनमायकाच्या तुकड्यावर खऱ्याचाच सराव करा.

वर्षाचं गणित असं बसवा. यंदा नववीत दिवाळीच्या सुट्टीत चार-पाच दिवस गुरुग्राम. मॉलमधली रिंक आहे, निघण्याआधी फोन करून चालू वेळा, धार लावायची सोय आणि हॉकीसाठी स्टिक-पक घेऊन वेगळी वेळ मिळते का, ते विचारा. गर्दीच्या वेळात स्टिक नेता येत नाही. भुसावळहून पंजाब मेलसारखी थेट गाडी दिल्लीला जाते, तुम्हाला रेल्वेचा पासही असेल. या खेपेला रोज दोन तास, फक्त स्केटिंग. दहा तासांनंतर मुलीला दोन्ही बाजूंनी थांबता, एका पायावर दहा मीटर सरकता आणि पाठमोरं वळता आलं, तर पुढचा खर्च करण्यात अर्थ आहे. दहावीच्या वर्षात बाहेर कुठे नेऊ नका, घरचा बोर्ड पुरे. परीक्षा मार्चमध्ये संपते तेव्हा लेहचा नैसर्गिक बर्फ गेलेला असतो, तिथला हंगाम साधारण मध्य डिसेंबर ते मध्य फेब्रुवारीच. म्हणून दहावीच्या सुट्टीत देहरादूनची रिंक बघा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली, मधली कितीतरी वर्षं बंद राहिलेली ही पूर्ण मापाची रिंक २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. अकरावीच्या जानेवारीत लेह. तिथे लडाखी मुलींबरोबर खेळल्यावर आपण कुठे आहोत, ते चार दिवसांत तिचं तिलाच कळेल.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि हिवाळ्यात रस्त्यांचा भरवसा नसतो, त्यामुळे बहुधा विमानानेच जावं लागतं. शरीराला सवय व्हायला वेळ मिळत नाही. पहिले दोन दिवस पूर्ण आराम, बर्फावर पाय ठेवायचा नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या किंवा बसल्या जागी धाप लागली तर थेट दवाखाना. निघण्याआधी महिनाभर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. या वयाच्या मुलींमध्ये लोह कमी असणं सर्रास आढळतं आणि उंचीवर त्याचा त्रास जास्त जाणवतो. कळण्याची भाकरी, शेंगदाणे, पालेभाज्या हे रोजचं जेवण चांगलंच आहे, पण आकडा कमी आला तर जेवणावर भागवू नका, डॉक्टरांकडून गोळ्या घ्या.

सुरक्षेत काटकसर नको. मुलींच्या खेळात पूर्ण जाळीचं हेल्मेट लागतं. गळ्याचा पट्टा घेतल्याशिवाय तिला पकच्या खेळात उतरवू नका. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका सामन्यात पात्याने गळा कापून खेळाडूचा मृत्यू झाला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत तो सक्तीचा केला. वापरलेले शिन गार्ड (नडगीचे पॅड), कोपराचे पॅड घ्यायला हरकत नाही. वापरलेलं हेल्मेट मात्र घेऊ नका, आतला फोम दबलेला बाहेरून दिसत नाही. डोक्याला मार लागून गरगरलं, तर त्या दिवशी खेळ बंद, मुलगी कितीही बरी आहे म्हणाली तरी.

पैशांचं सांगायचं तर गुरुग्रामची खेप, स्लाइड बोर्ड, हेल्मेट-गार्ड आणि पुढे देहरादून हे सगळं त्या सहा लाखांच्या लहानशा भागात बसतं. ते पगारातून वर्षभर जमा करा. परदेशी शिबिराचा विचार अकरावीनंतर, तोही देशातल्या निवड शिबिरात तिचं नाव आलं तरच.

एक काम मात्र आजच करून ठेवा. पासपोर्ट काढा. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावर मुलीचं, तुमचं आणि मिस्टरांचं नाव एकाच स्पेलिंगने आहे का, ते आधी तपासा. आपल्याकडे आडनावाच्या शेवटी एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं आणि दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चुकीचं छापलं गेलं की दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. नववीत बोर्डाची नोंदणी होण्याआधीच शाळेच्या ऑफिसात जाऊन जनरल रजिस्टरमधलं नाव बघून या.